बटण दाबलं की नुसतंच ‘टक्’ : स्वतः बसवलेल्या स्टार्ट बटणाचं उलटून येणारं दुखणं

सकाळी सांगलीच्या गावभागातून निघताना गाडी एका बटणात सुरू. तासगावला बेदाण्याच्या सौद्याला पोहोचून तास-दीड तास उन्हात उभी केली आणि परत येऊन बटण दाबलं, की ‘टक्’. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘टक्’. मग बॉनेट उघडून उगाच दोन वायरी हलवायच्या, समोरच्या रसवंतीवर एक ग्लास उसाचा रस प्यायचा आणि परत बसून बटण दाबायचं. गाडी अशी सुरू व्हायची जणू मधे काही घडलंच नव्हतं. हे एकदा झालं असतं तर मी विसरून गेलो असतो. मार्च ते जून या चार महिन्यांत किमान पंधरा वेळा झालं. त्यातल्या तीन वेळा सांगलीत विश्रामबागच्या चौकात मागून हॉर्न वाजत असताना झालं.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. शेतावरच्या पंपाच्या मोटारी आणि त्यांचे स्टार्टर यांत बावीस वर्षं गेली. म्हणजे हे दुखणं मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही. कारण मी मोजायचं सोडून बदलत सुटलो. दोन बटणं बदलली, चार रिले (छोट्या करंटच्या हुकुमानं मोठा करंट जोडणारे स्विच) बदलले, एक बॅटरी बदलली. बॅटरीचे साडेतीन हजार गेले आणि जुनी बॅटरी चांगली होती हे नंतर समजलं. ती आता दुकानात इन्व्हर्टरला लावली आहे, मजेत चालते. तुमच्याही गाडीला बटण बसवलेलं असेल आणि ते कधी चालतं कधी रुसतं असं होत असेल, तर पुढचं वाचून निदान बॅटरीचे पैसे तरी वाचवा.

गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात ती आमच्या दारातच सीटपर्यंत पाण्यात होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तेव्हा गाडीकडे कुणाचं लक्ष? ओसरल्यावर इंजिन उघडून धुतलं, ऑइल बदललं, सीटा वाळवल्या. वायरिंग वरवर पुसलं. या ‘वरवर’नं पुढं मला चांगलंच नाचवलं, पण ते नंतर.

बटण बसवायचं कारण शौक नव्हता. किल्लीच्या कुलपातली स्प्रिंग गेली होती. किल्ली ‘स्टार्ट’ला फिरवली की आपणहून मागं यायची नाही, हातानं मागं आणावी लागायची, आणि विसरलं की स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) इंजिनाबरोबर किंचाळत राहायचा. नवं कुलूप घालण्यापेक्षा बटण बरं, असा विचार केला. घरच्यांचं मत वेगळं होतं. “अहो, पंधरा रुपयांचं बटण लावून गाडी नवी होणार आहे का?” बटण पंधरा रुपयांचं नव्हतं, एवढंच मी बोललो.

आधी बाजारातला रिमोटवाला किट आणला होता. खिशात रिमोट, गाडीत बसून बटण दाबायचं, गाडी सुरू. पंधरा दिवसांत काढून टाकला. त्याची दोन कारणं. एक म्हणजे त्याच्या कागदावर लिहिलं होतं, स्टिअरिंगचं लॉक निकामी करा. ते मी करणार नाही, तुम्हीही करू नका. अर्धवट मोडलेलं लॉक चालत्या गाडीत कधी बसलं तर स्टिअरिंग जागेवर अडकेल, आणि पूर्ण काढलंत तर गाडी ढकलत नेणाऱ्याची सोय होईल. दुसरं म्हणजे स्टार्टर फिरायला लागला की व्होल्टेज खाली यायचं, किटमधला छोटा मेंदू बावचळून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि इंजिन पेटायच्या बेतात असताना सगळी गाडी बंद. ज्यांच्या गाडीत हे होतंय त्यांनी किटची पॉझिटिव्ह वायर किल्लीमागच्या वायरीतून न घेता फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घ्यावी. अर्थिंगही, म्हणजे निगेटिव्हची परतीची वाट, डॅशबोर्डच्या स्क्रूवर न टाकता बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावं. बहुतेकांचं एवढ्यानं भागतं. माझं मन त्या लॉकच्या सल्ल्यानंच उडालं.

मग साधी रचना केली. किल्ली आहे तशी. तिनं स्टिअरिंग सुटतं आणि इग्निशन चालू होतं. फक्त ‘स्टार्ट’चं काम बटणाकडे. किल्लीची ‘स्टार्ट’ची वायर तोडली नाही, बटणाचा रिले तिला समांतर जोडला. हे मुद्दाम सांगतोय, कारण निम्मं निदान याच्यावर आहे. बटणानं ‘टक्’ झालं की किल्ली स्टार्टला फिरवून बघायची. किल्लीनंही ‘टक्’च झालं तर बटण आणि रिले दोघंही सुटले, दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. अर्ध्या मिनिटाची परीक्षा. मला ती सुचायला तीन महिने लागले. सुचली तेव्हा दोन्ही बटणं आणि चारही रिले टेबलावर माझ्याकडे बघत पडले होते.

आता शेतकरी मंडळींना लगेच समजेल असं सांगतो. विहिरीवरचा स्टार्टर डोळ्यांसमोर आणा. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलला करंट मिळतो, कॉन्टॅक्टर धाडकन आत ओढला जातो आणि जाड पट्ट्या टेकून मोटर चालू होते. बोटातून मोटरचा करंट जात नाही, बोट फक्त हुकूम देतं. लाइट डिम असली की काय होतं? कॉन्टॅक्टर ओढला जातो, मोटरनं करंट खेचला की व्होल्टेज आणखी पडतं, कॉइलची पकड सुटते, सुटली की व्होल्टेज परत चढतं, परत ओढला जातो. टर्रर्र. मग कुणीतरी हुशार माणूस कॉन्टॅक्टर दाबून ठेवायला मधे काडी घालतो आणि दुसऱ्या दिवशी जळकी मोटर माझ्याकडे येते. गाडीत हेच सगळं आहे, फक्त १२ व्होल्टवर. बटण हुकूम देतं रिलेला, रिले हुकूम देतो स्टार्टर मोटरच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडला, आणि सोलेनॉइड बॅटरीची जाड केबल मोटरला जोडतो. तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीला करंट वेगळा. रिलेची कॉइल ०.१५ ते ०.२ अँपियरवर भागवते. सोलेनॉइड ओढला जाताना २०-३० अँपियर घेतो, एकदा बसला की बराच कमी. मोटर स्वतः एवढ्या लहान इंजिनालाही शंभराच्या आसपास खाते.

सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड, ओढायची, तर दुसरी बारीक, धरून ठेवायची. पट्टी टेकली की जाड गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि ती गप्प होते. नंतर पकड एकट्या बारीक गुंडाळीची. व्होल्टेज पडलं की पहिल्यांदा हीच हात सोडते, आणि विहिरीवरचं ते टर्रर्र गाडीत ऐकू येतं.

म्हणून आधी कान लावा. दारं बंद करा, रेडिओ बंद, एकाला बटण दाबायला बसवा आणि स्वतः बॉनेटपाशी उभे राहा. काहीच आवाज नाही म्हणजे हुकूमच निघाला नाही. बटण, त्याचा फ्यूज, क्लचचं स्विच (क्लच दाबल्याशिवाय सुरू होऊ न देणारं) असलं तर ते, किंवा रिलेच्या कॉइलचं अर्थिंग बघा. बारीक ‘टिक्’ आला पण पुढं शांतता असेल, तर रिले ओढला गेला, सोलेनॉइडला मात्र पुरेसं पोहोचलं नाही. जाड ‘टक्’ आला आणि मोटर हलली नाही, तर सोलेनॉइड अर्धा ओढला जातोय, किंवा पूर्ण ओढला जाऊनही आतल्या तांब्याच्या पट्ट्या खाल्ल्या गेल्यात, किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपलेत. टर्रर्र म्हणजे बॅटरी किंवा जाड केबली. रखडत, कण्हत फिरते तेव्हाही संशय जाड केबलींवरच घ्यायचा, अर्थिंगवर आधी. आणि मोटर सर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तर स्टार्टरचे दात किंवा त्याच्या आतला क्लच, तिथं विजेचा संबंध संपला.

माझ्या गाडीत दोन वेगवेगळे आवाज येत होते आणि मी ते एकच दुखणं समजत होतो. पहाटे रखडत फिरायची, कधी टर्रर्र. दुपारी गरम असताना एकच ‘टक्’. चोर दोन होते, एकाच घरात, एकमेकांना माहीत नसलेले.

मोजमापाकडे येऊ. मल्टिमीटर अडीचशे रुपयांचा असला तरी चालतो. पण एक सवय मोडा, वायर काढून दोन टोकांना मीटर लावून ‘बीप’ वाजला की वायर चांगली म्हणण्याची. बीप काही ओहमपर्यंतचा विरोध असला तरी वाजतो. इथं दशांश नाही, शतांश ओहमाचा प्रश्न आहे. जाड केबलीच्या जोडात ०.०१ ओहम विरोध असला तर बीप आनंदानं वाजतो, मीटर शून्य दाखवतो, आणि त्याच जोडातून १०० अँपियर निघाले की १ व्होल्ट तिथंच जळतो. केबलीचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मोकळ्या वायरीवर पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. वायरीची परीक्षा ओझं टाकूनच घ्यायची. बैल उभा असताना जू किती मजबूत आहे ते कळत नाही.

रीत अशी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन पेटू नये म्हणून कार्ब्युरेटरवाल्या गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा. इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला की भागतं. स्टार्टर एका वेळी आठ-दहा सेकंदांच्या वर फिरवू नका आणि मधे निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मोटर माझ्यासारख्याच्या दुकानात आणावी लागेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. टर्मिनलच्या क्लिपवर नाही, मधल्या शिशाच्या खांबावर टोक टेकवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. आता बटण दाबायला सांगा. फिरताना ९.६ च्या खाली गेली तर पुढचं काही मोजू नका, बॅटरी भरा किंवा तपासून घ्या. माझी १२.५ होती आणि फिरताना १०.४. ही जुन्या बॅटरीची मापं, मी ती बदलण्याआधीची, दुकानातल्या वहीत लिहिलेली. लिहून ठेवली आणि तरी बॅटरी बदलली, याला काय म्हणावं.

दुसरं माप सगळ्यात कामाचं आणि कुणीच घेत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनाच्या उघड्या धातूवर. दोन्ही निगेटिव्हच, त्यामुळे शून्य दिसतं. आता स्टार्टर फिरवा. आकडा ०.२ च्या आसपास राहिला तर अर्थिंग चांगलं. माझ्याकडे १.३ आला.

मी दोनदा टोकं बदलून बघितलं. आमच्या दुकानातला पोरगा बटण दाबत होता, तो म्हणाला, “दादा, मीटर बिघडलाय काय?” मीटर नव्हता बिघडला. गिअरबॉक्सवरचा बोल्ट सोडला. लग, म्हणजे केबलीच्या टोकाचा धातूचा डोळा, वरून स्वच्छ, चकचकीत. खाली मात्र लग आणि गिअरबॉक्सच्या मधे वाळलेल्या गाळाचा पापुद्रा, नखानं निघेल असा. पुराचं पाणी जाऊन किती वर्षं झाली, आणि कृष्णामाई अजून माझ्या बोल्टाखाली बसलेली. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू घासल्या, व्हॅसलीन लावून घट्ट आवळलं. आकडा ०.३. पहाटेचं कण्हणं थांबलं.

पंधरा दिवस. मग परत टर्रर्र.

उलटून येणाऱ्या दुखण्याची खरी गोम इथं आहे. तुम्ही जे साफ केलं ते बरोबरच होतं, पण पुरेसं नव्हतं. परत मोजलं तर १.१. या वेळी माप तुकड्यातुकड्यानं घेतलं. खांब ते क्लिप शून्य, लग ते गिअरबॉक्स ०.०५, म्हणजे उरलेला एक व्होल्ट केबलीतच जात होता. लगपाशी प्लॅस्टिक ब्लेडनं चिरलं. आतलं तांबं हिरवं, वितभर आतपर्यंत. पाणी धाग्याधाग्यांतून कंदिलाच्या वातीसारखं वर चढतं आणि प्लॅस्टिकच्या आत कुणाला न दिसता तांबं खात राहतं. वरून केबल नवी दिसते. मी घासताना लग हलवला तेव्हा काही कुजके धागे एकमेकांना टेकले असणार, म्हणून पंधरा दिवस बरं वाटलं. पुरात बुडालेली गाडी असेल तर अर्थिंगची केबल घासू नका, बदलून टाका. मी २५ चौरस मिलिमीटरची घातली, लग नुसते ठोकून नाही तर दाबयंत्रानं दाबून घेतले. बॅटरीपासून बॉडीवर जाणारी बारीक वायर असते तीही त्याच वेळी बदलली. आकडा ०.१२. पहाटेचा चोर गेला.

दुपारचा राहिला.

तासगावची गोष्ट घरी घडत नव्हती, म्हणून ती घडवून आणावी लागली. मे महिन्यात भर दुपारी माधवनगरकडे एक मोठा फेरफटका मारला, दुकानासमोर उन्हात गाडी लावली, वीस मिनिटं थांबलो. गाडी चालू असताना बॉनेटखालून वारा जात असतो. बंद केली की वारा थांबतो, पण इंजिनाची उष्णता तिथंच असते आणि एक्झॉस्टच्या जवळचा स्टार्टर चांगला भाजून निघतो. बटण दाबलं. ‘टक्’. इतका आनंद मला गाडी सुरू होण्यानंही झाला नसता.

आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, जिथं हुकुमाची वायर येते. हे टर्मिनल बऱ्याच ठिकाणी ५० आकड्यानं ओळखतात. बटण दाबून धरलं आणि ‘टक्’ होऊन मोटर थांबलेली असताना आकडा बघितला. २.८ व्होल्ट. म्हणजे बॅटरी बारा देत होती आणि सोलेनॉइडला जेमतेम सव्वानऊ मिळत होते. चांगल्या सोलेनॉइडला थंड असताना साधारण आठ व्होल्ट पुरतात, म्हणून सकाळी तक्रार नव्हती. पण तांबं तापलं की त्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. ३० अंशांवरून १०० वर गेलं की विरोध सव्वापट. तेवढ्याच व्होल्टेजला करंट पाचव्या हिश्श्यानं कमी, आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाबरोबर उतरत असल्यानं एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी. म्हणजे ज्याला थंडपणी आठ पुरत होते त्याला आता दहा हवेत, आणि आपण देतोय सव्वानऊ. उसाचा रस पिऊन येईपर्यंत सोलेनॉइड थोडा निवायचा, हिशेब जमायचा. वायरी हलवण्याचा काही संबंध नव्हता, गुण रसवंतीचा होता.

हे २.८ व्होल्ट कुठं गेले याचं उत्तर माझ्याच हातात होतं. रिले मी डॅशबोर्डखाली बसवला होता, बटणाजवळ, सोयीचं म्हणून. त्याचा करंट किल्लीमागून घेतला होता, १ चौरस मिलिमीटरच्या वायरीनं. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणि तिथून परत स्टार्टरपर्यंत सगळा मिळून चार मीटरचा फेरा. एवढ्या वायरीचा विरोध ०.०७ ओहम. २५ अँपियरला पावणेदोन व्होल्ट वायरीतच. बाकीचं पुराचं पाणी प्यायलेल्या जोडांनी आणि किल्लीच्या झिजलेल्या पट्ट्यांनी खाल्लं. गिऱ्हाइकानं विहिरीपासून तीनशे फुटांवर बारीक वायर ओढली की मी त्याला शिव्या देतो. स्वतःच्या गाडीत तेच केलं.

दुरुस्ती एका दुपारची. रिले उचलून बॅटरीशेजारी आणला, तोंड खाली करून, म्हणजे पाणी आत साचत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपियरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ नंबरमधून तसल्याच वायरीनं सोलेनॉइडला, सव्वा मीटर. वायर गाडीचीच घ्या, घरगुती वायरिंगची उरलेली नको. तिचं प्लॅस्टिक इंजिनाची उष्णता सोसत नाही. आता डॅशबोर्डपर्यंत जाते ती फक्त रिलेच्या कॉइलची बारीक वायर, आणि तिच्यातून ०.१५ अँपियर जाताना कितीही लांब असली तरी बिघडत नाही. हा बदल केल्यावर भर दुपारचा आकडा २.८ वरून ०.४ झाला.

आता कॉइलच्या वायरीचा एक मुद्दा, त्यावर थोडा जोर देतो. बरेच जण बटण अर्थिंगच्या बाजूला टाकतात. कॉइलला कायम पॉझिटिव्ह, आणि बटणानं फक्त अर्थ द्यायचा. एक वायर वाचते. पण तीच वायर बल्कहेडच्या (इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या) भोकात घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली की रिलेला अर्थ मिळतो आणि इग्निशन चालू असेल तर स्टार्टर आपोआप फिरायला लागतो, चालत्या गाडीतसुद्धा. म्हणून बटण पॉझिटिव्हच्या बाजूला ठेवा. इग्निशन चालू असतानाच करंट येणारी वायर, तिच्यावर ३ अँपियरचा फ्यूज, मग क्लचचं स्विच, मग बटण, मग रिलेचा ८६ नंबर. ८५ नंबर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. ही वायर घासली तर फ्यूज जाईल, एवढंच. भोकात रबरी बूच मात्र हवंच.

क्लचचं स्विच माझ्या गाडीत मुळात नव्हतं, मीही आधी टाकलं नाही. गाडी अंगणात पहिल्या गिअरला उभी होती, किल्ली कुलपात चालू राहिली होती, आणि बहिणीचा पाच वर्षांचा मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर बसला. लाल बटण, चकचकीत कडं, आतून उजेड. कोणतं पोरगं दाबणार नाही? गाडी हातभर उडी मारून तुळशीवृंदावनाला टेकली. पोराला काही झालं नाही, वृंदावनाचा कोपरा गेला. किल्लीला एक फायदा असतो, तो लक्षात येत नाही. ती फिरवायला मनगट लागतं. बटणाला बोट पुरतं. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय बटण मेलेलं राहील असं स्विच त्याच संध्याकाळी बसवलं, आणि ‘काही आवाज नाही’ या तक्रारीच्या वेळी तेही तपासायच्या यादीत आलं. पायाखालची चटई सरकून क्लच पूर्ण खाली गेला नाही तरी गाडी मुकी होते, हे दोनदा अनुभवलं.

रिलेबद्दल. वर ‘४० अँपियर’ छापलेलं असतं, त्यावर फार जाऊ नका. माझ्या चारपैकी दोन रिले उघडून बघितले तेव्हा आतली टेकायची टिकली मसुराच्या डाळीएवढीही नव्हती. अर्थिंग खराब असताना टर्रर्र होतं, तेव्हा या टिकल्या सेकंदात दहा वेळा ठिणग्या सोसतात आणि कधीतरी वितळून चिकटतात. मग बोट काढलं तरी स्टार्टर फिरतच राहतो, किल्ली बंद केली तरी फिरतो, कारण आता त्याचा करंट थेट बॅटरीवरून आहे. मला हे एकदाच झालं, मिरज रस्त्यावर. बॉनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढणं एवढाच उपाय असतो आणि तो काही सेकंदांत करावा लागतो. तेव्हापासून १० नंबरचा पाना डिकीत नाही, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात असतो. रिले आता नावाजलेल्या गाडीच्या सुट्या भागांतला घेतला, आणि कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) टाकला, त्याच्यावरच्या पट्टीची बाजू ८६ कडे. कॉइल सुटताना मागं मारणारा झटका तो गिळतो आणि बटणाच्या आतली टिकली वाचते. उलटा लावलात तर बटण दाबल्याक्षणी ३ अँपियरचा फ्यूज उडेल. उडाला तर घाबरू नका, डायोड फिरवा. तो एका दाबाला मेलेला असू शकतो, दोन रुपयांचा नवा लावलेला बरा.

रात्रीच गाडी कण्हते, दिवसा नाही, अशी तक्रार असेल तर हेडलाइट बघा. किल्ली ‘स्टार्ट’ला जाताना बऱ्याच गाड्यांत रेडिओ, पंखा वगैरे क्षणभर तोडते आणि सगळी ताकद स्टार्टरला देते. बटणाला ही अक्कल नसते. दिवे-पंखा बंद ठेवून सुरू करायची सवय लावली की झालं. आणखी एक रिले टाकून ते आपोआप करता येतं, मी केलं नाही.

आणि एवढं सगळं मोजून आकडे बरोबर आले, सोलेनॉइडला दहाच्या वर व्होल्ट मिळतायत, अर्थिंग ०.२ च्या आत आहे, आणि तरीही नुसतं ‘टक्’ येतं. मग स्टार्टर मोटरच खाली उतरवा. पान्याच्या दांड्यानं तिच्या अंगावर हलकं ठोकल्यावर फिरली तर ब्रश संपलेत, सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर मोजून ‘टक्’च्या वेळी मधे पूर्ण बारा व्होल्ट दिसले तर आतल्या पट्ट्या गेल्यात. दोन्ही कामं कोणत्याही रिवाइंडिंगवाल्याकडे अर्ध्या दिवसात होतात. किल्लीत चिप असलेल्या नव्या गाड्यांचं दुखणं निराळं असतं. तिथं स्टार्टर व्यवस्थित फिरतो पण इंजिन पेटत नाही, आणि लोक गाडीला चिप ओळखता यावी म्हणून जादा किल्ली डॅशबोर्डमागं चिकटवून ठेवतात. ती किल्ली चोराच्याही तेवढीच कामाची असते. अशा गाडीला मी हात लावत नाही.

जूनच्या शेवटी पुन्हा तासगाव. सौदा लांबला, दोन तास गाडी उन्हात. येऊन क्लच दाबला, बटण दाबलं, सुरू झाली. रसवंतीवाला ग्लास धुऊन ठेवतच होता, त्यानं हाक मारली, “काय दादा, आज बिघडली न्हाई व्हय?” गाडी बंद केली आणि उतरून रस प्यालो.